सर्व्हर बदलल्यापासून डोमेन कुठे उघडते, कुठे उघडत नाही : सल्ला हवा

पाठ्यपुस्तकवाला :
नमस्कार. अप्पा बळवंत चौकाजवळ आमचे शालेय पुस्तकांचे दुकान आहे आणि शाळांच्या बऱ्याच मागण्या आमच्या डॉट कॉम संकेतस्थळावरून येतात. गेल्या शुक्रवारी रात्री मी ते शेअर्ड होस्टिंगवरून नव्या व्हीपीएसवर (भाड्याच्या स्वतंत्र आभासी सर्व्हरवर) हलवले, त्याच यंत्रावर बाइंड हे डीएनएसचे, म्हणजे डोमेनच्या नावावरून आयपी पत्ता सांगण्याचे, सॉफ्टवेअर बसवून दोन नेमसर्व्हर (हा पत्ता सांगणारे सर्व्हर) तयार केले आणि रजिस्ट्रारच्या (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या) पॅनेलमध्ये त्यांची नोंद केली. तेव्हापासून दुकानात मोबाइल डेटावर संकेतस्थळ बिनतक्रार उघडते. मात्र कोथरूडला घरी, जिथे राउटरमध्ये ८.८.८.८ हा गूगलच्या डीएनएसचा पत्ता घातलेला आहे, तिथे ब्राउझर ‘सर्व्हर सापडला नाही’ एवढेच सांगतो. जुन्या होस्टिंगवाल्यांनी ४८ तास थांबायला सांगितले होते. आज पाचवा दिवस आहे, आणि जून महिना म्हणजे आमचा हंगाम. अजून थांबावे, जुन्या सर्व्हरवर परत जावे, की नेमसर्व्हरचे काम बाहेरच्या सेवेकडे सोपवावे?

सदाशिवपेठी :
घरच्या संगणकावरचा डीएनएस कॅशे (साठवलेली जुनी उत्तरे) रिकामा करून होस्ट्स फाइलमध्ये (संगणकातल्या नाव-पत्त्यांच्या यादीत) नवा आयपी लिहावा. माझे काम त्यानेच झाले होते.

झोनफाइल :
होस्ट्स फाइलमुळे संकेतस्थळ फक्त यांच्या संगणकावर दिसू लागेल, गिऱ्हाइकाला नाही. शिवाय दोष डोळ्याआड होईल तो वेगळाच. कृपया तसे करू नये.

४८ तासांचा आकडा हवेतला नाही. डॉट कॉमच्या सर्व्हरांवर नेमसर्व्हरच्या नोंदींचा टीटीएल (नोंद साठवून ठेवण्याची मुदत) १,७२,८०० सेकंद, म्हणजे बरोबर दोन दिवस असतो, आणि तेवढा काळ एखादा रिझॉल्व्हर (आपल्या वतीने नेमसर्व्हरांना विचारून उत्तर आणणारा सर्व्हर, जसा ८.८.८.८) जुनी नोंद धरून बसू शकतो. पण ती मुदत उलटून गेली आहे, त्यामुळे नुसते थांबून आता काही साधणार नाही.

त्रुटी नेमकी कोणती आहे, हे ब्राउझरला न विचारता डीएनएसला थेट प्रश्न विचारणाऱ्या डिग कमांडला विचारावे. एनएक्सडोमेन आले तर त्या नावाची नोंदच नाही. रिफ्यूज्ड आले तर सर्व्हर जागा आहे, पण त्या झोनचे (डोमेनच्या नोंदींच्या संचाचे) उत्तर द्यायला तयार नाही, आणि असे बहुधा बाइंडच्या कॉन्फिगरेशनमध्ये झोन लिहायचा राहिला की होते. सर्व्हफेल (उत्तर मिळवण्यात अपयश) आले तर मात्र तीन वेळा विचारावे लागेल : एकदा थेट नव्या सर्व्हरला, एकदा ८.८.८.८ला, आणि पुन्हा ८.८.८.८लाच, पण पडताळणी बंद करणारा सीडी हा पर्याय जोडून. पहिल्या आणि तिसऱ्या वेळी उत्तर मिळाले आणि मधल्या वेळी सर्व्हफेल आले, तर दोष डीएनएससेकचा, म्हणजे नोंदींवरची डिजिटल सही पडताळण्याच्या व्यवस्थेचा, आहे. जुन्या होस्टिंगवर झोनला सही केलेली असणार, त्या सहीची ओळख सांगणारी डीएस नोंद रजिस्ट्रारमार्फत डॉट कॉमच्या झोनमध्ये गेलेली असणार आणि स्थलांतरानंतरही ती तिथेच राहिली असणार. वरचा झोन सही असल्याचे सांगतो आणि आपला सर्व्हर सहीविना उत्तर देतो, म्हणून पडताळणी करणारे रिझॉल्व्हर ते उत्तर नाकारतात. न करणारे ते मुकाट्याने पुढे देतात. दुकानातला मोबाइल बहुधा अशाच रिझॉल्व्हरवर आहे.

औंधकर :
झोनफाइल यांच्याशी सहमत. दोन गोष्टी जोडतो. दोन नेमसर्व्हर एकाच यंत्रावर ठेवणे म्हणजे एकाच कुलपाच्या दोन किल्ल्या करण्यासारखे आहे. दुसरा नेमसर्व्हर वेगळ्या नेटवर्कवर हवा. आणि फायरवॉलमध्ये डीएनएसचे ५३ क्रमांकाचे पोर्ट यूडीपी व टीसीपी या दोन्ही वहन-पद्धतींसाठी उघडे आहे ना, ते पाहावे. पुष्कळ जण टीसीपी विसरतात.

पाठ्यपुस्तकवाला :
तिन्ही उत्तरे झोनफाइल यांनी सांगितली तशीच आली. रजिस्ट्रारच्या पॅनेलमध्ये डीएनएससेकचे पान उघडले, तर तिथे डीएसची एक ओळ होती : की टॅग, अल्गोरिदम १३, डायजेस्ट प्रकार २ आणि पुढे लांबलचक आकडे-अक्षरे. ती मी कधीच भरली नव्हती. जुन्या होस्टिंगचे ‘सुरक्षा चालू करा’ हे बटण दोन वर्षांपूर्वी दाबल्याचे तेव्हा आठवले. ओळ काढून टाकली आहे. ५३वर टीसीपी खरोखरच बंद होते, तेही उघडले. आता किती वेळ धरावा?

झोनफाइल :
डॉट कॉममधील डीएस नोंदीचा टीटीएल ८६,४०० सेकंद आहे, म्हणजे फार तर एक दिवस. गूगलच्या रिझॉल्व्हरसाठी तेवढेही थांबायचे नसेल, तर कॅशेतली नोंद पुसण्याचे त्यांचे स्वतंत्र पान आहे. तिथे डोमेनचे नाव आणि डीएस हा प्रकार द्यावा.

पाठ्यपुस्तकवाला :
रात्री साडेनऊला घरच्या वायफायवर संकेतस्थळ उघडले आणि पहाटेपर्यंत सात मागण्या आल्या. दुसऱ्या नेमसर्व्हरसाठी आता बाहेरची सेवा घेत आहे. डीएनएससेक पुन्हा लावायचे झाल्यास कोणत्या क्रमाने लावावे?

झोनफाइल :
आधी नव्या सर्व्हरवर झोनला सही करावी, दोन्ही नेमसर्व्हर सहीसकट उत्तर देत असल्याची डिगने खात्री करावी, सही नसलेल्या जुन्या नोंदींचा टीटीएल उलटू द्यावा आणि मगच रजिस्ट्रारकडे नवी डीएस नोंद भरावी. पुढे कधी सर्व्हर बदलायचा झाला, तर सर्वांत आधी डीएस काढावी आणि एक पूर्ण दिवस गेल्यावरच नेमसर्व्हरला हात लावावा.