उकळून नायट्रेट जात नाही

कॉलेजच्या अभ्यासक्रमात समाजात जाऊन केलेल्या कामाला क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक, द्यावेत का, या चर्चेत कुणीतरी म्हटलंय, "एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) आहेच, मग समाजातल्या कामाला वेगळे क्रेडिट कशाला?" हा मुद्दा मला पटत नाही. एनएसएसचे वर्षाला 120 तास मोलाचे आहेतच, पण ते काम विद्यार्थ्याच्या विषयाशी जोडलेलं असेलच असं नाही. क्रेडिटच्या कामात तर सगळा भर त्या जोडणीवरच आहे.

आमच्या नाशिकच्या कॉलेजातल्या केमिस्ट्रीच्या मुलांनी दिंडोरीकडच्या द्राक्षपट्ट्यात विहिरींचं पाणी तपासलं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची (खतांतून झिरपून पाण्यात येणाऱ्या क्षाराची) मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम, हे सगळ्यांना तोंडपाठ. पण ओट्यावर बसलेल्या एका आजींनी विचारलं, "मग उकळून प्यायलं तर चालंल ना रं?" आणि मुलं गप्प! उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. हा प्रश्न पेपरात कधी आलाच नव्हता. पुढच्या तासाला मुलांनीच तो विषय काढला, आणि इतका जिवंत तास मी क्वचितच घेतला असेल.

ज्यांना असा उपक्रम करायचाय त्यांनी तो ऑक्टोबरात ठेवू नये. तेव्हा द्राक्षांच्या गोडी छाटणीची (फळ धरण्यासाठीच्या छाटणीची) धांदल असते, गावात बोलायला कुणी सापडत नाही. आणि अहवाल आधी ग्रामपंचायतीला द्या, मग विभागप्रमुखांना.