मदत हवी आहे : नववीतला मुलगा, सोमवारी पालक येणार, समुपदेशनाचा चार्ज माझ्याकडे

कोपऱ्यातला_बाक :
घाईत लिहितेय, कुणी लवकर सांगेल का? जूनपासून शाळेत समुपदेशनाचा चार्ज माझ्या गळ्यात आलाय. मूळ विषय इतिहास-भूगोल. नववीतला एक मुलगा सहामाहीत चार विषयांत गेला. वह्या अपुऱ्या, वर्गात गप्प, पीटीला मात्र सगळ्यांच्या पुढे. सोमवारी आईवडिलांना बोलावलंय. मुख्याध्यापक म्हणतात, केस लिहून आणा, शिक्षकसभेत वाचू. पालकांशी काय बोलायचं आणि रिपोर्टात काय लिहायचं? फॉरमॅट असेल तर टाका.

चष्मेबद्दूर :
फॉरमॅट राहू द्या. बोर्ड कुठलं, माध्यम कुठलं, चार विषय कुठले? घसरण यंदाची की पाचवीपासूनची? तोंडी विचारलं तर उत्तर येतं का? डोळे-कान तपासलेत का? एवढं कळल्याशिवाय सगळे अंधारात बाण मारणार.

पहाटे_पाच :
मोबाईल काढून घ्या आणि पहाटे पाचला उठवा. रोज दहा ओळी शुद्धलेखन. महिन्यात फरक दिसतो.

चष्मेबद्दूर :
@पहाटे_पाच, आला बाण.

कोपऱ्यातला_बाक :
स्टेट बोर्ड, मराठी माध्यम. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि गणित भाग १ म्हणजे बीजगणितात नापास. भूमितीत पास. घसरण म्हणाल तर आधीही काठावरच होता, यंदा पार गेला. तोंडी विचारलं तर १८५७ ची कारणं घडाघडा सांगतो, पेपरात दोन ओळी. डोळ्यांचं माहीत नाही. पण माझा प्रश्न रिपोर्टाचा होता.

निमा_ठाणे :
रिपोर्टाचं उत्तर वहीत आहे. विज्ञानाची आणि मराठीची वही शेजारी ठेवा आणि एवढं पाहा : फळ्यावरून उतरवताना मधलीच ओळ गळते का? जोडाक्षरं सुटतात का, रफार भलत्याच अक्षरावर जातो का? 'ब' आणि 'व'ची अदलाबदल? गणितात रीत बरोबर, पण ६३ चे ३६ उतरवलेत का? एकच शब्द एकाच पानावर तीन प्रकारे लिहिलाय का?

कोपऱ्यातला_बाक :
'पर्यावरण' एका पानावर तीन तऱ्हांनी लिहिलंय. आणि ६३-३६ अगदी तसंच आहे. तुम्ही वही पाहिलीत का हो?

निमा_ठाणे :
मग आधी अध्ययन अक्षमतेची (लर्निंग डिसॅबिलिटी, एलडी : डोकं चालतं, पण वाचन-लेखन-आकडेमोडीत अडतं) तपासणी, आळस वगैरे नंतर. नुसत्या वहीवरून निदान होत नाही, तुम्ही ते लिहूही नका. क्रम असा : दृष्टी आणि श्रवण तपासणी, मग बुद्ध्यांक चाचणी, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. एका खेपेत होत नाही, तीनचार फेऱ्या धरा. मुंबईत सायन, नायर, केईएमला एलडी क्लिनिक आहेत, बाहेर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. शाळेचं पत्र, बोनाफाईड, मागची प्रगतिपुस्तकं, दोनतीन विषयांच्या मूळ वह्या आणि तपासलेल्या उत्तरपत्रिका बरोबर द्या. पालक घरी बसून सुवाच्य अक्षरात लिहून घेतलेली 'चांगली' वही घेऊन जातात आणि तपासणाऱ्याला काही दिसतच नाही. रोजची गिचमिड वहीच हवी. आत्ताच लागा, कारण दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरताना सवलतींसाठी एलडीचं प्रमाणपत्र हातात लागतं.

शून्य_भागिले :
प्रमाणपत्र मिळालं की गणित विषयच सोडून द्या सरळ. दहावीला गणिताऐवजी सातवीचं अंकगणित आणि कार्यानुभवाचा विषय घेता येतो. डोकेदुखी संपली.

चष्मेबद्दूर :
असं एका ओळीत सांगू नका. मुलगा भूमितीत पास आहे. आकडे उतरवताना चुकतो, म्हणजे गणित येत नाही असं नव्हे. एकदा अंकगणित घेतलं की जिथे दहावीचं गणित लागतं तिथली दारं बंद. आधी जादा वेळ आणि लेखनिक (तो सांगेल ते लिहून देणारा) देऊन एक चाचणी घ्या. ताशी २० मिनिटं, म्हणजे गणिताच्या दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं आणि तीन तासांच्या पेपरला पूर्ण तास. तरीही नाहीच जमलं, तर पर्याय आहेच.

शून्य_भागिले :
बोलायला सोपं आहे. बीजगणितात सलग नापास होणाऱ्या मुलाच्या मनाचं काय होतं ते पण बघा.

चष्मेबद्दूर :
तेच बघतोय. पंधरा वर्षांच्या मुलाला 'तुला जमणार नाही' हे कागदावर लिहून देण्याआधी एक चाचणी मागतोय, जास्त काही नाही.

जर्सीकर :
इकडे न्यू जर्सीत अशा मुलाला ५०४ प्लॅन किंवा आयईपी, म्हणजे शाळेने काय मदत द्यायची त्याचा आराखडा, लिहून मिळतो आणि दरवर्षी बैठक होते. इथल्या समुपदेशकांची संघटना २५० मुलांमागे एक समुपदेशक हवा म्हणते, तुमच्याकडे किती?

कोपऱ्यातला_बाक :
साडेअकराशे मुलं, मी एक, शिवाय आठवड्याला २६ तासिका. पुढचा प्रश्न?

सहजच_आले :
नववी-दहावीच्या पालकांसाठी माहिती : अकरावीचे प्रवेश २०२५ पासून सगळ्या राज्यात ऑनलाईन झाले आहेत. पसंतीक्रम नीट भरा.

निमा_ठाणे :
ताई, ते कुणी विचारलेलं नाही. @बाक, सोमवारचं सांगते. सुरुवात गुणांपासून करू नका, तक्रारवही टेबलावर ठेवू नका. आधी त्याला काय येतं ते सांगा. मग विचारा : झोप, जेवण, घरात अलीकडे काय बदललं, अभ्यासाला कोण बसतं, पूर्वी कुठली तपासणी झाली होती का. वडील 'नाटकं करतो' म्हणाले तर वाद घालू नका, वही उघडून ६३-३६ दाखवा. उठताना दोनच कामं ठरवा : डोळ्यांची तपासणी आणि हॉस्पिटलची तारीख. दहा कामं दिलीत तर एकही होणार नाही.

कोपऱ्यातला_बाक :
आईला आत्ता फोन केला. चौथीत प्रमाणपत्र काढलं होतं म्हणे! शाळा बदलली तेव्हा कुणी मागितलं नाही, यांनी दिलं नाही. मग तेच चालेल ना? आणि एक राहिलं, विज्ञानाच्या वहीच्या शेवटच्या पानावर 'मी नसलो तरी कुणाला काय' असं दोनदा लिहिलंय. या वयात मुलं लिहितात असलं, पण रिपोर्टात घालायचं का?

चष्मेबद्दूर :
बाई, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. रिपोर्ट, प्रमाणपत्र सगळं बाजूला. सोमवार नाही, आज.

समुपदेशक_मराठवाडा :
शांतपणे, या क्रमाने करा. त्याला एकट्याला, कुणी मध्ये डोकावणार नाही अशा जागी बसवा. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. आधीच सांगा की तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी तुला त्रास देत असेल, तर मला मोठ्यांना सांगावं लागेल, बाकीचं आपल्यात राहील. मग वही दाखवून सरळ विचारा : 'मरून जावं असं मनात येतं का?' विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. 'असलं काही करणार नाहीस ना?' असं विचारू नका, त्यावर मूल 'नाही' एवढंच म्हणतं. हो म्हणाला तर किती दिवसांपासून, कसं करायचं ठरवलंय का, आधी प्रयत्न केला होता का, हे विचारा.

उत्तर काहीही येवो, पालकांना आजच बोलवा आणि मुलाला त्यांच्या हाती द्या, एकट्याला घरी पाठवू नका. घरातली औषधं आणि शेती असेल तर फवारणीची औषधं कुलपात ठेवायला सांगा. काही ठरवलंय म्हणाला तर आजच्या आज सिव्हिलला मानसोपचार विभागात, तोवर क्षणभरही एकटा नको. नाही म्हणाला तरी या आठवड्यात दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलतात. तुम्हीही लावू शकता.

नोंद ठेवा : तारीख, वेळ, त्याचे शब्द अवतरणात, कुणाला कधी कळवलं. 'डिप्रेशन' हा शब्द लिहू नका, ते डॉक्टरचं काम. ही नोंद तुमच्या कुलपात, शिक्षकसभेत नाही.

कोपऱ्यातला_बाक :
मुख्याध्यापकांना काय सांगू? ते वाचणारच म्हणतात.

समुपदेशक_मराठवाडा :
मुख्याध्यापकांना जिवाच्या काळजीचं तोंडी सांगा, त्यांना ते माहीत हवंच. शिक्षकांना 'काय करायचं' द्या, 'का' देऊ नका. चार ओळी पुरतात : फळ्यावरचं छापील द्यावं. वर्गात उभं करून मोठ्याने वाचायला लावू नये. शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. इतिहास-विज्ञानाची एक चाचणी तोंडी घ्यावी. नववीच्या परीक्षा शाळेच्याच हातात आहेत, एवढं उद्यापासून करता येतं.

निमा_ठाणे :
आणि ते चौथीतलं प्रमाणपत्र : केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी लागते, मग अठराव्या वर्षी. मुलगा चौदाचा झाला असेल तर जुन्यावर बोर्डाची सवलत अडेल. पण फेकू नका, जुना अहवाल नेला की नवीन तपासणी सोपी जाते.

कोपऱ्यातला_बाक :
बोलले त्याच्याशी. मनात येतं म्हणाला, ठरवलेलं काही नाही, आधी काही केलेलं नाही. आईवडील दोघं आले, वडील बराच वेळ वहीच बघत होते. उद्या सकाळी सिव्हिलला नेणार आहेत, आज रात्री काका सोबत झोपणार. औषधं कपाटात घातलीत म्हणाले.

समुपदेशक_मराठवाडा :
चांगलं केलंत. उद्या दुपारी फोन करा, नेलं का ते विचारा. शाळेत परत येईल तेव्हा पहिल्या दिवशी पाच मिनिटं भेटा, मग आठवड्यातून एकदा ठरलेल्या वारी. वार चुकवू नका, तो वाट बघत असतो.

कोपऱ्यातला_बाक :
हो. डॉक्टरांनी होकार दिला की लेखनिकाचा सराव सुरू करते. आठवीतला एक मुलगा तयार आहे. पण निबंध सांगताना विरामचिन्हं, जोडाक्षरं तोंडाने सांगायची का?

निमा_ठाणे :
विरामचिन्हं हो, 'स्वल्पविराम, पुढे' असं बोलायची सवय लावा. जोडाक्षरं लेखनिकावर सोडा. गणितात मात्र प्रत्येक पायरी बोलायची : 'समान चिन्ह, खालच्या ओळीत, एक्स बरोबर'. घड्याळ लावून आठवड्याला एक पेपर. पहिले दोन फसतील, तो मनात उत्तर काढून मोकळा होईल आणि लेखनिक बघत बसेल.

जर्सीकर :
इकडे त्यासाठी सॉफ्टवेअर आहे.

चष्मेबद्दूर :
तिकडे २५० मुलांमागे एक समुपदेशक मागतात तरी.