गाण्यांसाठी "कुठलीही ब्लँक सीडी चालते"? नाही चालत!

नौपाडेकर:
काल इथे एकाने लिहिलं की शून्य आणि एक सगळीकडे सारखेच, त्यामुळे गाणी राईट करायला सर्वांत स्वस्त लोकल सीडी घ्या. वाचून राहवलं नाही. शून्य-एक सारखेच असतील, पण ते ज्या रंगद्रव्यावर लिहिले जातात ते सारखं नसतं. सायनिन उन्हाने लवकर खराब होतं, थॅलोसायनिन आणि ॲझो जास्त टिकतात. वडिलांच्या घरगुती मैफलींच्या कॅसेट मी एकाच रायटरवर दोन प्रकारच्या सीडींवर उतरवल्या. ताइयो युदेन या जपानी कंपनीच्या आजही स्वच्छ वाजतात. बिननावाच्या लोकल सीडींवर शेवटच्या गाण्यांत टकटक सुरू झाली, म्हणजे बाहेरच्या कडेकडून सडायला लागल्या (सीडी आतून बाहेर लिहिली जाते). भैरवीच गेली!

वाशी_सतरा:
तो "एकाने" म्हणजे मी. स्वस्त सीडीने आवाज बदलतो हे कुणीही सिद्ध केलेलं नाही. सीडीत चूकदुरुस्ती असते, सलग सुमारे २.४ मिलिमीटरचा डाग पडला तरी मूळ आवाज जसाच्या तसा परत मिळतो. माझ्या गाडीत लोकल सीडी वर्षानुवर्षं वाजतायत. तुम्ही ५२ एक्सने, म्हणजे भरधाव वेगाने, राईट करून सीडीला दोष देत असाल.

नौपाडेकर:
१६ एक्सनेच करतो. आणि आवाज बदलतो असं मी म्हटलंय कुठे? टिकण्याबद्दल बोलतोय. भिकार सीडी पहिल्या दिवसापासून चुका घेऊनच निघते, दुरुस्तीची निम्मी ताकद तिथेच खर्च होते. पुढे ओरखडे आले, ऊन लागलं की काही शिल्लक राहत नाही. मग प्लेअर अंदाजाने आवाज भरतो, तेही जमेना की गप्प होतो.

कोपरीची_वाचक:
सीडी कुठली ते राहू द्या, तुम्ही लोक तीत भरता काय? १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ हजार बिट) एमपीथ्री उतरवायची, तिची ऑडिओ सीडी करायची आणि "सीडी क्वालिटी" म्हणून वाटायची. ऑडिओ सीडीचा दर १४११ केबीपीएस. एमपीथ्री फाइल लहान करायला आवाजातलं बरंच गाळते, आणि एकदा गाळलेलं परत येत नाही.

ऐरोलीकर:
ताई, ज्याच्याकडे जुनं रेकॉर्डिंग फक्त एमपीथ्रीत आहे त्याने ऐकायचंच नाही का? ७०० एमबीत १२८ची बारा तास गाणी मावतात. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये मला तेच लागतं. संगीत काय फक्त महागडे स्पीकर असलेल्यांचं आहे?

कोपरीची_वाचक:
स्पीकर मध्ये आणू नका, माझ्याकडे साधा टू-इन-वन आहे. माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची कॅसेट होती. घरातल्या एका शहाण्याने ती कॉम्प्युटरवर घेतली, "खरखर काढली", एमपीथ्री केली आणि कॅसेट भंगारात दिली. आता आजी पाण्याखालून गाते. तुमच्या बारा तासांचं मला काय करायचंय?

ऐरोलीकर:
कॅसेट फेकायला नको होती, शंभर टक्के मान्य. पण तो गुन्हा फेकणाऱ्याचा आहे, एमपीथ्रीचा नाही. माझा राग तिथेच आहे, तुम्ही सगळ्यांना एका माळेत ओवता.

कोपरीची_वाचक:
"जागा वाचते" म्हणूनच फेकली ना? कारण तेच.

वाशी_सतरा:
मूळ धागा सीडीचा होता! गाडीसाठी मी स्वस्तच घेणार. घरच्या मैफलींसाठी चांगली घ्यावी, चला, तेवढं कबूल. पण घ्यायची कुठली? ताइयो युदेनने २०१५मध्ये हा धंदा सोडला, आपली भारतीय मोझर बेअर २०१८मध्ये दिवाळखोरीत निघाली. व्हर्बेटिम हा ब्रँड २०१९पासून तैवानच्या सीएमसी कंपनीचा. छापलेल्या नावावर भरवसा ठेवायचा कसा?

नौपाडेकर:
नावावर ठेवूच नका. आधी थोड्या आणा, रायटरमध्ये घालून एटीआयपी (कोऱ्या सीडीवर आधीच कोरलेली माहिती) वाचा, उत्पादक कोण ते कळतं. एक राईट करून चुका मोजा, मगच डबा घ्या. अगदी कमी वेगाचा हट्ट नको, आजच्या सीडी जास्त वेगासाठीच बनतात. मैफल असेल तर डिस्क-ॲट-वन्स, म्हणजे अख्खी सीडी एका दमात लिहा, नाहीतर आलाप आणि बंदिशीच्या मध्ये दोन सेकंदांची शांतता येते. वरच्या बाजूला बॉलपेन आणि स्टिकर नको, चकाकणारा थर तिथेच पातळ लॅकरखाली असतो. आणि मूळ वेव्ह फाइल (काहीही न गाळलेली) हार्डडिस्कवर ठेवाच.

ऐरोलीकर:
एमपीथ्रीच्या सीडीलाही एवढं सोवळं?

नौपाडेकर:
हो. डेटा सीडीत दुरुस्तीचा आणखी एक थर असतो. पण तोही हरला की प्लेअर अंदाजाने काही भरत नाही, गाणं तिथेच अडकतं.

कोपरीची_वाचक:
कॅसेट ठेवा म्हणजे झालं.