मदत हवी आहे: जुन्या इनबोर्ड डिझेलला पाणी भरपूर, तरी हेड तापतंय

नमस्कार मंडळी,

जुनी शिडाची बोट घेतली आहे. आत दोन सिलिंडरचं इनबोर्ड डिझेल आहे, थेट समुद्राच्या पाण्यावर थंड होणारं. हीट एक्स्चेंजर, कूलंट वगैरे काही नाही. आधीच्या मालकाने कधीतरी सगळे होज बदलले आहेत आणि ते करताना जोडणी आपल्या सोयीने केलेली दिसते. मॅन्युअल मिळालेलं नाही, त्यामुळे मूळ रचना काय होती ते समोर नाही.

मंद गतीवर कितीही वेळ चालवा, तापमानाचा काटा जागचा हलत नाही. रेस वाढवून जरा रेटलं की तो चढायला लागतो आणि रेस उतरवेपर्यंत थांबत नाही. कोडं असं की मागे एक्झॉस्टमधून पाणी धो धो पडतंय. पाणी कमी पडत असतं तर इम्पेलर (पंपातलं रबरी पात्यांचं चाक), गाळणी, सी-कॉक (समुद्राचं पाणी आत घेणारा बोटीच्या तळातला कॉक) अशी सरळ वाट होती. ती सगळी तपासून झाली आहे: इम्पेलर नवा घातला, गाळणी साफ केली, सी-कॉक पूर्ण उघडतो, बाहेरून तोंडाशी शिंपले-शेवाळ नाही.

आत्ताची जोडणी अशी: सी-कॉक, गाळणी, पंप. पंपाच्या पुढे एक टी (तीन तोंडांचा जोड) आहे. टीची एक वाट ब्लॉकच्या खालच्या निप्पलला जाते, दुसरी वर थर्मोस्टॅटच्या (तापमानानुसार उघडणाऱ्या झडपेच्या) घराला. त्या घरातून निघालेला होज सरळ एक्झॉस्ट एल्बोला, म्हणजे धुरात पाणी मिसळतं त्या वळणाला. घर उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नाही, नुसतं गॅस्केट. आणि एल्बोत पाणी सोडायची जागा जलरेषेच्या जेमतेम वर आहे, मध्ये कुठेही उंच वळसा किंवा हवेचा व्हॉल्व्ह नाही.

टीची ती दुसरी वाट मुळातली आहे की कुणीतरी घातलेली? काढून टाकू का? आणि वळसा नसणं कितपत धोक्याचं आहे? हे इंजिन मला टिकवायचं आहे, म्हणून अंदाजाने काही कापण्याआधी विचारतोय.

जुना_खलाशी:
आधी एल्बो काढून आत बघा. जुन्या डिझेलमध्ये जास्त रेसवर तापण्याचं नेहमीचं कारण तेच असतं. काजळी आणि क्षार मिळून आतली वाट करंगळीएवढी करून टाकतात. दुसरं म्हणजे गाळणी ते पंप हा होज. रेस वाढवून कुणाला तरी तो बघायला सांगा. आत तारेचं वेटोळं नसलेला होज ओढीने चपटा होतो आणि इंजिन बंद केलं की पुन्हा गोल दिसतो. गाळणीचं भांडं पारदर्शक असेल तर त्यात बुडबुडे दिसतात का तेही पाहा, झाकणाचं रबर हवा खेचत असेल तर लगेच कळतं.

धागाकर्ता:
धन्यवाद दादा. एल्बो काढला, खरवडण्यासारखं थोडं होतं, पण वाट मोकळी आहे. होज तारेचा आहे, चपटा होत नाही. बुडबुडे नाहीत.

इंजिनघर:
तुमच्या वर्णनातच उत्तर आहे. पाणी भरपूर येतंय, पण ते इंजिनातून फिरून येत नाहीये.

ती दुसरी वाट बायपास आहे आणि मुळातलीच आहे. इंजिन गार असताना थर्मोस्टॅट बंद असतो, म्हणजे ब्लॉकमधलं पाणी बाहेर पडू शकत नाही. तेवढ्या वेळात पंपाचं पाणी बायपासने एल्बोला पोचतं आणि एक्झॉस्टचा रबरी होज जळत नाही. इंजिन तापलं की थर्मोस्टॅट उघडतो आणि पाणी ब्लॉकमधून यायला लागतं. बऱ्याच इंजिनांत उघडताना त्याची खालची चकती बायपासचं तोंडही झाकते.

आता थर्मोस्टॅटच काढून टाकला तर काय होईल? लोकांना वाटतं अडथळा गेला, इंजिन जास्त गार राहील. होतं उलटं. बायपास कायमचा सताड उघडा राहतो, ब्लॉकच्या अरुंद, गंजाने भरलेल्या वाटांपेक्षा तो सोपा, आणि पाणी सोप्या वाटेने जातं. कमी रेसवर उष्णता थोडी असते म्हणून निभावतं, रेटलं की उघडं पडतं.

खात्री करून घ्या. तापलेलं असताना एल्बोला जाणाऱ्या होजला हात लावा. हेडला हात टिकत नसेल आणि हा होज गार लागला तर शंका उरत नाही. मग बायपासचा होज चिमट्याने अर्धा दाबून पुन्हा रेस द्या. काटा उतरायला हवा.

पण बायपास काढून टाकू नका. पुढे थर्मोस्टॅट बसवलात आणि बायपास नसेल, तर गार इंजिनात पंपाला पाणी ढकलायला जागा उरणार नाही आणि एक्झॉस्ट कोरडा पडेल.

थर्मोस्टॅट निवडतानाही जपून. कूलंटवरच्या इंजिनांचा साधारण ७० ते ८० अंशांचा असतो, तो इथे चालत नाही. खारं पाणी ६० अंशांच्या वर गेलं की क्षार भिंतींवर बसायला लागतात. म्हणून थेट समुद्रपाण्यावरच्या इंजिनांना कमी अंशांचा देतात. यानमार या जपानी कंपनीच्या जुन्या जीएम मालिकेत अशा इंजिनांचा थर्मोस्टॅट ४२ अंशांना उघडायला सुरुवात होते. तुमच्या इंजिनाचा आकडा शोधून तोच घ्या. आणि तो न बसवता, नुसता बायपास दाबून तसंच चालवत राहू नका. सतत गार चाललेल्या डिझेलमध्ये इंधन नीट जळत नाही आणि ऑइल लवकर खराब होतं.

दर्याकिनारा:
वळशाबद्दल मी लिहितो, कारण माझ्या मते तापण्यापेक्षा तो विषय जास्त गंभीर आहे.

पाणी सोडायची जागा जलरेषेखाली, किंवा जलरेषेच्या वर पण १५ सेंटिमीटरच्या आत असेल, तर उंच वळसा आणि त्याच्या माथ्यावर हवेचा व्हॉल्व्ह हवाच. इंजिन बंद झाल्यावर इम्पेलरची पाती वाट पूर्ण बंद करतीलच असं नाही. सायफन सुरू झाला की समुद्र हळूहळू मफलर भरतो, मग एल्बो, मग उघड्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडर. पाणी दाबलं जात नाही. तशात सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

वळसा इंजिनाच्या शेवटच्या निकासापासून एल्बोपर्यंतच्या होजमध्ये घाला. माथा जलरेषेच्या किमान ३० सेंटिमीटर वर ठेवा, आणि बोट कलली तरी तो वरच राहील असा, शक्यतो बोटीच्या मध्यरेषेजवळ. तोवर इंजिन बंद केलं की सी-कॉक बंद करायचा, हा नियम पाळा. किल्ली सी-कॉकच्या दांड्याला अडकवून ठेवलीत तर विसरायला होत नाही.

इंजिन चालू होत नसेल आणि सेल्फ पुन्हा पुन्हा मारावा लागत असेल तेव्हाही सी-कॉक बंद ठेवा. पंप पाणी ढकलत राहतो, ते मफलरमधून बाहेर फेकायला एक्झॉस्टचा जोर नसतो. इंजिन चालू झालं की लगेच उघडा.

धागाकर्ता:
मंडळी, सांगितल्याप्रमाणे केलं. हेड चटका देणारं, एल्बोचा होज गार. चिमटा अर्धा आवळला आणि काटा चढायचा थांबला, पण खाली येईना. म्हणून ब्लॉककडचा होज काढून निप्पलमध्ये टॉर्च मारला. आत इम्पेलरचं एक जुनं पातं आडवं बसलेलं होतं, काळं, कडक झालेलं, कमानीसारखं वाकलेलं, त्याच्यामागे गंजाचे पापुद्रे अडकलेले. आकड्याने ओढून काढलं. आता चिमटा लावून पूर्ण रेसवरही काटा मधोमध स्थिर आहे. थर्मोस्टॅट मागवला आहे, तो आला की चिमटा काढतो.

वळशाचं सामान जमवतोय. एक शंका: हवेचा व्हॉल्व्ह अल्टरनेटरच्या बरोबर वर येतोय. गळला तर?

दर्याकिनारा:
आज ना उद्या गळतोच, क्षार साचून त्याची झडप नीट बसत नाही. व्हॉल्व्हच्या डोक्याला बारीक नळी जोडून ती वरच्या वर कॉकपिटमध्ये काढा, बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या खोलगट भागात) किंवा जलरेषेखाली नको. झडप अधूनमधून काढून गोड्या पाण्यात धुवा. खाऱ्या पाण्याचा होज जिथे जिथे निप्पलवर चढतो तिथे ३१६ स्टीलचे दोन दोन क्लॅम्प लावा, निप्पल तेवढा लांब असेल तर.

इंजिनघर:
आणि इम्पेलरची मोडलेली पाती शोधा. जुन्या इम्पेलरची किती गेली होती ते कळायला मार्ग नाही, म्हणून टी आणि ब्लॉकच्या मधला प्रत्येक कोपरा उघडून बघा. एक सापडलं तिथे दुसरं असू शकतं.