एप्सन परफेक्शन १६७० : लिनक्सला दिसतो, पण उघडत नाही

महाल_वाचनालय

वाचनालयातल्या जुन्या मासिकांचे अंक स्कॅन करायचे आहेत. स्कॅनर एप्सन परफेक्शन १६७०, मशीनवर डेबियन १२. सेन (लिनक्सवर स्कॅनर चालवणारी प्रणाली) मधलं सेन-फाइंड-स्कॅनर चालवलं की व्हेंडर ०४बी८, प्रॉडक्ट ०११एफ असं नीट येतं. स्कॅनइमेज -एल मध्ये 'स्नॅपस्कॅन:लिबयूएसबी:००१:००४' ही ओळही दिसते. पण एक्ससेन हा स्कॅनिंगचा प्रोग्राम उघडला की 'इन्व्हॅलिड आर्ग्युमेंट' येऊन बंद पडतो. सुडो (म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार) लावलं तरी तेच. युजर स्कॅनर ग्रुपमध्ये आहे. ड्रायव्हरची सीडी आहे, पण ती विंडोजची. हा स्कॅनर चालेल की नवा घ्यावा? अंक इतके जीर्ण आहेत की फीडरवाल्या मशीनमध्ये घालायची सोय नाही.

सीताबर्डी_डीटीपी

नवा घेऊ नका, भाऊ. सुडोनेही तोच एरर येतोय, म्हणजे परवानगीचा प्रश्न नाही. यूएसबीवर दिसतोय, म्हणजे केबलही ठीक. उरतं ते फर्मवेअर, म्हणजे स्कॅनरच्या आत चालणारा प्रोग्राम.

या मॉडेलमध्ये फर्मवेअर कायमचं साठवलेलं नसतं. वीज दिली की स्कॅनर फक्त आपला आयडी सांगण्यापुरता जागा होतो. पुढचं सगळं कॉम्प्युटरने दरवेळी त्याच्या रॅममध्ये भरायचं असतं. विंडोजमध्ये हे ड्रायव्हर गुपचूप करतो. लिनक्सवर स्नॅपस्कॅन बॅकएन्डही (सेनमधला या स्कॅनरचा ड्रायव्हर) करतो, पण फाइल आपण द्यावी लागते. ती कंपनीच्या मालकीची असल्याने सेनच्या पॅकेजमध्ये येत नाही.

१६७० ला लागते ईएसएफडब्ल्यू३०.बिन. तुमच्या सीडीवर ती कॅब फाइलमध्ये दाबलेली असेल. कॅबएक्स्ट्रॅक्ट हे पॅकेज टाकून ती उलगडा. विंडोजची जुनी मशीन कुठे पडून असेल आणि तिच्यावर हा ड्रायव्हर चढवलेला असेल, तर त्या डिस्कवर शोधूनही मिळेल. २४८० ची ईएसएफडब्ल्यू४१ किंवा ३४९० ची ईएसएफडब्ल्यू५२ घालून बघू नका, फाइल मॉडेलप्रमाणे वेगळी असते.

फाइल /यूएसआर/लोकल/शेअर/ मध्ये ठेवा आणि परवानगी ६४४ करा, म्हणजे साध्या युजरलाही वाचता येईल. मग /ईटीसी/सेन.डी/स्नॅपस्कॅन.कॉन्फ उघडा. वरच्या भागात 'फर्मवेअर' या शब्दाने सुरू होणारी एक ओळ असते आणि तिच्यात 'युअर-फर्मवेअरफाइल.बिन' असा नमुन्याचा पाथ असतो. तो पाथ काढून आपला पूर्ण पाथ लिहा. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं: सीडीवर नावातलं पहिलं अक्षर कॅपिटल असतं आणि कॉन्फमध्ये सगळी स्मॉल लिहिली जातात. विंडोजला फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. नाव एलएस कमांडने बघून जसंच्या तसं उतरवा.

त्याच फाइलमध्ये खाली यूएसबी ०४बी८ ०११एफ ही ओळ आहे ना, तेवढं पाहा. मग स्कॅनरचा अडॅप्टर काढून पुन्हा लावा आणि स्कॅन करून बघा. तरी अडलं तर स्कॅनइमेजच्या आधी सेन_डिबग_स्नॅपस्कॅन=२५५ लावून चालवा (टाइप करताना बरोबर चिन्हाआधीची सगळी अक्षरं कॅपिटल). फर्मवेअरची फाइल उघडता आली नसेल तर त्या आउटपुटमध्ये ते स्पष्ट लिहून येतं.

महाल_वाचनालय

फर्मवेअर बसलं, पान आलं. धन्यवाद! आता दोन त्रास आहेत. टर्मिनलवर नुसतं स्कॅनइमेज चालवलं की लॅपटॉपच्या कॅमेऱ्याचा फोटो येतो. आणि एक्ससेन एकदा बंद करून पुन्हा उघडलं की स्कॅनर सापडत नाही, केबल काढून लावावी लागते.

धंतोली_टर्मिनल

पहिलं सोपं. सेनमध्ये व्हीफोरएल नावाचा बॅकएन्ड आहे, त्याला वेबकॅमही स्कॅनरच वाटतो. /ईटीसी/सेन.डी/डीएलएल.कॉन्फ मध्ये त्या ओळीआधी # टाका. तिथेच नेट आणि न लागणारे बाकीचे बॅकएन्डही बंद केलेत तर स्कॅनर शोधायला लागणारा वेळ कमी होतो. ००१:००४ हा आकडा मात्र स्क्रिप्टमध्ये पक्का लिहू नका, केबल काढून लावली की तो बदलतो.

दुसरं बहुधा यूएसबी ३ च्या पोर्टमुळे. हे जुने स्कॅनर यूएसबी २ च्या काळातले. नव्या कंट्रोलरवर पहिल्यांदा सापडतात, दुसऱ्यांदा नाही. सेन_यूएसबी_वर्कअराउंड=१ हा व्हेरिएबल नेमका यासाठीच आहे (हाही पूर्ण कॅपिटल). आधी टर्मिनलवर लावून एक्ससेन दोनदा उघडा-बंद करा. जमलं तर /ईटीसी/एन्व्हायरन्मेंट मध्ये ती ओळ टाकून पुन्हा लॉगिन करा. मशीनला यूएसबी २ चं पोर्ट असेल तर आधी तेच वापरा. बराच वेळ रिकामा राहिल्यावरच गायब होत असेल, तर यूएसबीचं ऑटोसस्पेंड (वीज वाचवायला रिकामं डिव्हाइस झोपवणं) तपासा. त्या डिव्हाइसच्या पॉवर/कंट्रोल मध्ये 'ऑटो'च्या जागी 'ऑन' लिहायचं.

पुढे डेबियन अपग्रेड करताना स्नॅपस्कॅन.कॉन्फ बदलू का असं विचारेल. तुमचीच फाइल ठेवा, नाहीतर फर्मवेअरची ओळ जाईल.

बीएसडी_नागपूर

फ्रीबीएसडीवर (लिनक्ससारखीच वेगळी सिस्टिम) हाच स्कॅनर लावणाऱ्यांसाठी: कॉन्फ फाइली /यूएसआर/लोकल/ईटीसी/सेन.डी/ मध्ये असतात. तिथे परवानगीच आडवी येते. युजेन नावाची डिव्हाइस फाइल म्हणजे नुसती सिमलिंक, दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी. तिची परवानगी बदलून काही होत नाही, खरी फाइल /डेव्ह/यूएसबी/ खाली असते. म्हणून /ईटीसी/डेव्हएफएस.रूल्स मध्ये 'यूएसबी/*' या पाथला मोड ०६६० आणि ग्रुप ऑपरेटर द्या, आरसी.कॉन्फ मध्ये त्या रूलसेटचं नाव लिहा, डेव्हएफएस सर्व्हिस रीस्टार्ट करा आणि युजरला ऑपरेटर ग्रुपमध्ये घाला.

सीताबर्डी_डीटीपी

आता अंकांबद्दल, कारण खरं काम तेच. ३०० डीपीआय, ग्रे मोड, टिफ. ए४ पान २४८० × ३५०८ पिक्सेलचं होतं, म्हणजे एका पानाला साधारण ८.७ एमबी. टेसरॅक्ट (चित्रातला मजकूर ओळखणारा प्रोग्राम) याच्या मराठी पॅकने मजकूर काढायचा असेल तर ३०० च्या खाली जाऊ नका. लाइनआर्ट मोड (नुसतं काळं-पांढरं) मुळीच नको, पिवळ्या पडलेल्या कागदावर वेलांट्या आणि अनुस्वार उडतात. पातळ कागदातून मागची छपाई दिसते; पानामागे काळा कार्डशीट ठेवा, बराच फरक पडतो.

स्कॅनर कूलरच्या वाऱ्यात ठेवू नका. ओल काचेच्या आतल्या बाजूला धरते आणि तिच्यावर धूळ बसली की प्रत्येक पानावर त्याच जागी डाग येतो. दिवा ट्यूबचा आहे, तो तापून स्थिर होईपर्यंत पहिली एक-दोन पानं काळपट येतील, ती पुन्हा घ्या.

बांधणीचा अंक काचेवर दाबू नका. झाकण बिजागरीतून वर उचललं जात असेल तर उचला, नसेल तर उघडंच ठेवून वर काळं कापड टाका. कणा मोडलेला अंक पुन्हा शिवता येतो, पण कडेने तुटलेलं पान जोडायला फार त्रास होतो.