मदत हवी आहे : पेंटा-३ चं कव्हरेज १०० टक्क्यांच्या वर, छेद कोणता धरू?

नमस्कार मंडळी. नागपूर जिल्ह्यात, एमआयडीसीला लागून असलेल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राचा एचएमआयएस (सरकारी आरोग्य माहिती पोर्टल) डेटा मी बघते. पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या एकत्रित लसीच्या तिसऱ्या डोसचं (पेंटा-३) कव्हरेज, म्हणजे अपेक्षित बाळांपैकी किती टक्के बाळांना तो मिळाला ते प्रमाण, सलग तीन महिने १०० टक्क्यांच्या वर येतंय.

अंश, म्हणजे डोस दिलेल्या बाळांची संख्या, मी तपासला. टॅली शीट आणि एएनएम (आरोग्यसेविका) ताईंचं रजिस्टर ओळीओळीने जुळवलं, दुबार नोंदी काढल्या. गडबड छेदातच आहे असं मला वाटतं. छेद म्हणजे अपेक्षित बालकांची संख्या, ती २०११ च्या जनगणनेवरून वाढवत आणलेली, आणि इकडे कामगारांच्या वस्त्या वाढत चालल्या आहेत. परवा आशाताईंसोबत वीटभट्टीवर गेले, तर तिथली चार बाळं आमच्या यादीतच नव्हती. दोघांची कार्डं बालाघाटची, दोघांकडे कार्डच नाही. अशी बाळं या आकड्याआड लपतात, याचीच काळजी वाटते.

पेंटा-१ ते पेंटा-३ ड्रॉपआउट दरही (पहिल्या डोसनंतर तिसऱ्यापर्यंत न पोचलेल्या बाळांचं प्रमाण) काढला. त्याला लोकसंख्या लागत नाही, पण बाहेरची बाळं इथे फक्त तिसरा डोस घेतात, म्हणून तो उणे येतो.

पोर्टलवरचा छेद बदलायचा अधिकार मला नाही, वेगळ्या सर्वेक्षणाला माणसं नाहीत. आशांच्या हेडकाउंट (घरोघरच्या मोजणीच्या) यादीवरून स्थानिक छेद कुणी बांधलाय का? आणि स्थलांतरित बाळं त्यात मिसळायची, की त्यांचा तक्ता वेगळा ठेवायचा?