किशोरवयीन मुलं आणि जुगार: ओळखायचं कसं, बोलायचं कसं, कर्ज फेडायचं का?

तासिका_चौथी

१४ ते १७ वयोगटासाठी जोखमीच्या सवयींवर सत्र आखते आहे. दारू, तंबाखू, वेगात गाडी चालवणं यांवर साहित्य भरपूर मिळतं. जुगाराबद्दल मात्र ‘वाईट असतो, लांब राहा’ याच्या पुढे फारसं हाती लागत नाही. शंका अशा: मित्रांमधली पैज आणि हाताबाहेर गेलेलं प्रकरण यांतला फरक कसा ओळखायचा? वर्गात गणित मांडून दाखवलं तर उपयोग होतो का? आणि ‘मुलाचं कर्ज आम्ही फेडून टाकावं का’ हे पालक हमखास विचारतात, त्यांना काय सांगावं?

समुपदेशक_सुमेध

दारूचा वास येतो. जुगाराचं तसं काही बाहेर दिसत नाही, म्हणून तो बहुतेक वेळा कर्ज उघडकीला आल्यावरच कळतो. पहिली गोष्ट म्हणजे रकमेवर जाऊ नका. थोडक्या पैशांतही मूल पुरतं अडकलेलं असू शकतं.

२०१३ साली आलेल्या डीएसएम-५ने (मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरली जाणारी अमेरिकन नियमावली) जुगाराला दारू आणि अमली पदार्थांच्या पंगतीत, म्हणजे व्यसनांच्या प्रकरणात बसवलं. त्यात नऊ लक्षणं आहेत आणि १२ महिन्यांत त्यांपैकी किमान चार दिसली तर निदान होतं. तेवढाच थरार मिळवायला रक्कम वाढवत जावी लागणं, थांबायचे प्रयत्न फसणं, थांबवलं की चिडचिड, डोक्यात सतत तेच, मन उदास असताना खेळायला वळणं, हरलेले पैसे वसूल करायला पुन्हा जाणं, खोटं बोलणं, अभ्यास किंवा नाती पणाला लागणं, आणि शेवटी दुसऱ्याकडून पैसे घेऊन वेळ निभावणं. निदान डॉक्टर करतील. तुम्ही दोन गोष्टींवर नजर ठेवा: वसुली आणि खोटं. मौजेसाठी पैज लावणारा मुलगा हरला की हळहळतो आणि विसरतो. अडकलेल्या मुलाच्या लेखी हरलेले पैसे अजून त्याचेच असतात, ते परत आणायचे राहिलेले असतात.

प्रत्यक्षात दिसतं ते असं. पाच-सहा जणांकडून थोडे थोडे उसने आणि प्रत्येकाला सांगितलेलं कारण वेगळं. हेडफोन ‘हरवतो’, सायकल ‘मित्राकडे असते’. ज्या संघांशी काही देणंघेणं नाही, त्यांचा सामना मध्यरात्री पाहिला जातो आणि कोण जिंकतंय यापेक्षा पुढचा कॉर्नर कोणाला मिळतो यावर जीव टांगलेला असतो. सामना चालू असताना दर मिनिटाला बेटिंग घेतात, त्याची ही खूण.

बोलताना ‘तू जुगार खेळतोस का?’ असं विचारू नका, उत्तर ‘नाही’ येईल. कित्येक मुलांच्या लेखी सामन्यावर पैसे लावणं हा जुगार नसतोच, तो खेळाचा अभ्यास असतो. त्यापेक्षा हे दोन प्रश्न विचारा, प्रौढांच्या प्राथमिक तपासणीतही ते वापरतात: ‘रक्कम वाढवत न्यावी असं कधी वाटलं का?’ आणि ‘किती लावले याबद्दल जवळच्या माणसाशी खोटं बोलावं लागलं का?’ एकाचं जरी उत्तर ‘हो’ आलं तरी पुढे सविस्तर बोलायला हवं.

गणित_फळा

गणिताचं मी सांगतो. बरोबरीच्या दोन संघांवर १.९० असा भाव असतो. १०० लावले आणि जिंकलात तर १९० परत. शक्यता अर्धी-अर्धी, म्हणजे सरासरी ९५ परत येतात. मुलांना भुलवतात ते एकत्र बांधलेले पाच सामने: १०० चे जवळजवळ २,४७६! पण पाचही बरोबर येण्याची शक्यता ३२ त एक, त्यामुळे सरासरी परतावा ७७ वर घसरतो. सामने वाढवाल तशी कंपनीची कपात वाढते.

‘हरलो की दुप्पट लावायचं’ ही युक्तीही खोडून दाखवा. १, २, ४, ८ असं करत सलग आठ वेळा हरलं की २५५ गेलेले असतात आणि नववा डाव २५६ चा लावावा लागतो. एवढं करून जिंकलंच, तर पदरात पडतो १. एका शून्याच्या रूलेटवर (लाल-काळ्या घरांचं फिरतं चाक, गोळी कुठे थांबते यावर पैज) लाल-काळ्यावर खेळताना सलग आठ हारींची शक्यता साधारण दोनशेत एक आहे. रोज खेळणाऱ्याला ती गाठणारच. ‘आता लाल यायलाच हवा’ म्हणणाऱ्यांसाठी मोनॅकोतल्या माँटे कार्लो कॅसिनोचं उदाहरण आहे: १८ ऑगस्ट १९१३ ला तिथे सलग २६ वेळा काळा आला आणि लालवर रकमा चढवत गेलेले लोक बुडाले. चाकाला मागचं काही आठवत नसतं.

वर्गात नाणेफेक घेणार असाल तर एक धोका आहे. ३० मुलांनी प्रत्येकी ५० वेळा नाणं उडवलं, दर वेळी कागदावरच १० लावले आणि भाव १.९० धरला, तर साधारण एक तृतीयांश मुलं फायद्यात राहतील. इथेच तासिका फसते, कारण ती दहाएक मुलं ‘मला जमतं’ हेच घेऊन घरी जातात. म्हणून सगळ्यांचे आकडे फळ्यावर लिहून बेरीज करा. वर्ग मिळून ७५० च्या आसपास तोट्यात दिसेल, तीन-चारशे इकडेतिकडे, कधीकधी त्याहून जास्त. मग फायद्यातल्या मुलांना आणखी ५० फेऱ्या खेळायला लावा.

मोकळी_वाट

गणित जरूर दाखवा, पण त्यावर विसंबू नका. शक्यता पाठ असलेली मुलंही खेळतात. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांच्या २००५ च्या प्रयोगात गाडी चालवण्याचा एक संगणकीय खेळ दिला होता. मित्र शेजारी असताना किशोरांनी एकटं असतानापेक्षा बरीच जास्त जोखीम घेतली, प्रौढांमध्ये मात्र फारसा फरक पडला नाही. म्हणजे वर्गातलं शहाणपण रात्री मित्रांच्या घोळक्यात टिकेलच असं नाही. त्यामुळे नकाराचा सराव गटातच घ्या, आणि वाक्यं मुलांच्याच तोंडची असू द्या. जुगार, दारू, बेदरकार गाडी या गोष्टी पुष्कळदा एकाच मुलात एकत्र सापडतात. तेव्हा एक दिसली की बाकीच्यांची चौकशी करा, झोप आणि उदासीही विचारा.

‘थोडक्यात हुकलं’ हेही शिकवा. स्लॉट मशीनवर तीनपैकी दोन चित्रं जुळली की मेंदूत बक्षिसाशी निगडित भाग जागे होतात, आणि पैसे गेलेले असतानाही पुन्हा खेळायची इच्छा वाढते. पैसे भरून बंद पेटी उघडायची आणि आत काय निघेल ते नशिबावर, हा व्हिडिओ गेममधला प्रकार याच जातीचा. बेल्जियमने २०१८ मध्ये त्याला जुगारच ठरवलं.

घाबरवणारं सत्र मात्र नको. गुन्ह्यापासून परावृत्त करायला मुलांना तुरुंग दाखवण्याचे कार्यक्रम तपासले, तेव्हा सहभागी मुलांचं वागणं उलट बिघडल्याचं आढळलं. मोठी रक्कम कशी जिंकली होती हे रंगवून सांगणारा वक्ताही बोलावू नका. मुलांच्या लक्षात जिंकणंच राहतं.

समुपदेशक_सुमेध

कर्जाचं राहिलं होतं. गुपचूप सगळं फेडून टाकणं ही सर्वांत मोठी चूक. मुलासाठी तो एक जिंकलेला डावच होतो, आणि ‘पुढच्या वेळीही कोणीतरी निभावेल’ हे पक्कं बसतं. पण हात झटकणंही धोक्याचं आहे, विशेषतः पैसे मागणारा वयाने मोठा असेल आणि धमकावत असेल तर.

आधी मुलासोबत बसून यादी करा: कोणाचे, किती, कधीपर्यंत. पहिली यादी बहुधा अपुरी असते, आठवड्याने पुन्हा विचारा आणि नवी नावं निघाली तर ओरडू नका. धमकी असलेलं देणं पालकांनी स्वतः हाताळावं, गरज पडली तर पोलिसांकडे जावं. मित्रांचे पैसे मुलाने आपल्या खर्चाच्या पैशांतून हप्त्याने फेडावेत. पालकांनी रोख मुलाच्या हातात देऊ नये, ज्याचे पैसे फेडायचे त्यालाच थेट द्यावी.

त्याच दिवशी वाटा बंद करा. ओळखपत्र कोणाचं वापरलंय ते शोधा, ते बहुतेकदा आईवडिलांचं किंवा मोठ्या मित्राचं असतं. कंपनीला लेखी कळवून खातं बंद करायला लावा. बँकेला कार्डावरचे जुगाराचे व्यवहार अडवता येतात का विचारा, त्यांचा ठरलेला कोड ७९९५ आहे. अडवणारं सॉफ्टवेअर घरातल्या सगळ्या उपकरणांवर टाका. फक्त मुलाच्या फोनवर टाकलं तर तो आजीचा फोन उचलतो. गेममधल्या वस्तू आणि क्रिप्टो या वाटा बँकेला दिसत नाहीत, त्या वेगळ्या तपासा.

तासिका_चौथी

खूप उपयोग झाला. एकच विचारते: मुलाने मला सांगितलं आणि ‘घरी कळवू नका’ म्हणून गळ घातली तर?

मोकळी_वाट

गुप्ततेचं वचन आधी देऊच नका. ‘तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका वाटला तर मला सांगावं लागेल, पण ते तुला विचारून आणि तुझ्यासमोर सांगेन’ हे बोलणं सुरू होण्यापूर्वीच सांगा. कर्ज उघडं पडण्याच्या दिवसांत आत्महत्येचा धोका वाढतो, म्हणून ‘जगू नये असं मनात येतं का?’ हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी पालक व डॉक्टरांपर्यंत पोहोचवा. ‘नाही’ आलं तर घरी कोणाला आधी सांगायचं ते त्याला निवडू द्या, आणि त्या बोलण्याला तुम्ही सोबत बसा.